चौथा गट

उंदरांसाठी आणलेलं अन्न सर आधी स्वतः चाखायचे. नव्या पोत्याची शिवण उसवली की त्यातली एक गोळी उचलायची, शर्टाच्या बाहीला पुसायची, तोंडात टाकायची आणि डोळे मिटून चावत राहायचं. वर पेलाभर पाणी. मग निकाल. "मीठ बरं आहे." किंवा, "ह्या खेपेला तूप खवट वाटतंय. परत पाठवा." विभागातले बाकीचे प्राध्यापक ह्यावर हसायचे. सरांना त्याचं काही नव्हतं. "ज्याला आपण खायला घालतो, त्याच्या ताटात काय आहे ते आपल्याला माहीत नको?" एवढंच म्हणायचे.

सर माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक. सुरतेतल्या एका कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवत. वडील रेल्वेत गँगमन होते, उधन्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये सरांचं लहानपण गेलं. तीन भावंडांत हेच काय ते शिकले, लग्न केलं नाही, आणि शेवटपर्यंत उधन्यातच दोन खोल्यांत राहिले. अंगाने काटकुळे. सायकलवरून यायचे. पँटला सायकलची साखळी लागू नये म्हणून उजव्या पायाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावायचे आणि तो काढायला हटकून विसरायचे. चिमटा लावलेल्या अवस्थेत त्यांनी मोठमोठ्या लोकांसमोर व्याख्यानं दिलेली मी पाहिली आहेत.

पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलंच नाही.

"क्यांथी आवे छे?" त्यांनी गुजरातीत विचारलं.

"डिंडोली."

"मूळ गाव?"

"शिरपूरकडचे आम्ही. वडील पांडेसऱ्याला कापडाच्या मिलमध्ये आहेत. प्रोसेस हाउस."

"बरं," ते एकदम मराठीत म्हणाले. "मग तू डिंडोली."

त्यांच्या प्रयोगशाळेत सगळ्यांना अशीच, राहत्या ठिकाणाची नावं होती. एक वराछा होता, एक अडाजण होती, बारडोलीहून रोज बसने येणारा बारडोली होता. कुणाच्या आडनावावरून काही समजून घ्यायचं नाही, हे सरांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण ते त्यांच्या पद्धतीतच होतं. एरवी ते गुजरातीत बोलायचे, चिडले की हिंदीत. माझ्याशी मराठीत बोलू लागले की मी सावध व्हायची, कारण आता जे येणार ते गंभीर असायचं.

आमचा विषय यकृत. जास्त चरबीचं, जास्त साखरेचं खाऊन खाऊन लिव्हर इन्सुलिनचं ऐकेनासं होतं, त्याबद्दल. सर ते असं सांगायचे: "आपण जेवलो की इन्सुलिन लिव्हरला निरोप देतं, बाबा रे, साखर बाहेरून आलीय, आता तू बनवायची थांब. चरबीनं भरलेल्या लिव्हरपर्यंत तो निरोप पोचत नाही. ते आपलं साखर बनवतच राहतं." अशा लिव्हरमध्ये पेरॉक्साइडसारखे जाळणारे पदार्थ साचतात. त्यांना निपटून काढणारी एन्झाइम्स शरीराकडे असतात, कॅटलेज आणि त्याची भावंडं. पण माऱ्यापुढे तीही कमी पडतात. ती एन्झाइम्स औषधाने वाढवली तर लिव्हर पुन्हा ऐकू लागेल का, हा आमचा प्रश्न.

'सुरतनुं जमण ने काशीनुं मरण', म्हणजे जेवावं सुरतेत आणि मरावं काशीत, ही म्हण सरांना फार आवडायची. "आपल्याला काशीला जायची गरजच नाही," ते म्हणायचे. "जमणातच सोय आहे." आणि असं म्हणता म्हणता वाफवलेल्या डाळीच्या लोचोच्या बशीवर आणखी एक चमचा तेल घ्यायचे.

रविवारी ते पांडेसऱ्याच्या विहारात जात. तिथे वंदनेनंतर बायांना जमवून आरोग्यावर बोलत. एकदा मला सोबत नेलं. जखमेवर लावायचं पेरॉक्साइड त्यांनी बटाट्याच्या फोडीवर ओतलं. फसफसून पांढरा फेस आला. "बघा," सर रंगात येऊन म्हणाले, "हा फेस म्हणजे बटाट्यातलं कॅटलेज. बटाटा स्वतःला वाचवतोय. आपल्या लिव्हरमध्येही हेच आहे, ह्याच्यापेक्षा कितीतरी जास्त." वीस मिनिटं बोलले. शेवटी मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "सर, मग आम्ही बटाटा खायचा का नाही खायचा?"

सर हसत हसत खाली सतरंजीवर बसले. "मावशी, मी तीस वर्षं शिकवतोय," ते म्हणाले, "पण कामाचा प्रश्न आज तुम्ही विचारला." पुढे कितीतरी दिवस हा किस्सा ते स्वतःवरच सांगत राहिले.

ज्या दिवशी प्रयोग संपायचा आणि उंदरांची यकृतं काढायची, त्या दिवशी सर संध्याकाळपर्यंत काही खायचे नाहीत. प्राण्यांच्या खोलीत त्या दिवशी कुणी मोठ्याने बोलायचं नाही, हसायचं नाही. वराछाने एकदा मोबाइलवर गाणं लावलं तर त्याला बाहेर पाठवलं. ओरडून नाही. खांद्यावर हात ठेवून दारापर्यंत सोडून आले.

माझ्या प्रयोगासाठी सरांनी एका झाडाच्या सालीच्या अर्काची भुकटी निवडली होती. ती दिल्याने यकृतातली एन्झाइम्स वाढतात असा अंदाज होता. उंदरांचे तीन गट केले. एकाला साधं अन्न, दुसऱ्याला चरबी-साखरेचं, तिसऱ्याला चरबी-साखरेच्या अन्नातच कालवलेली भुकटी. भुकटीचं अन्न तयार होऊन आलं त्या आठवड्यात सर सुरतेत नव्हते. नाशिकला त्यांच्या बहिणीचं ऑपरेशन होतं. ते अन्न चाखायचं राहून गेलं.

तीन महिन्यांनी माझे आकडे आले. तिसऱ्या गटाची एन्झाइम्स वर, रक्तातली साखर खाली, लिव्हर जवळजवळ साध्या गटासारखं. मी तो तक्ता भिंतीवर चिकटवला. अडाजण माझ्यासाठी घारी घेऊन आली. सरांनी तक्ता पाहिला, "छान," म्हणाले, आणि पुन्हा पाहत राहिले. "पुन्हा एकदा करायला लागेल. मग बोलू." त्यांचं हे नेहमीचंच होतं, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

त्याच सुमारास बाबांचा रिपोर्ट आला. मिलमध्ये तपासणीचं शिबिर झालं होतं. लिव्हरवर चरबी आणि साखर वाढलेली. बाबा ब्लीचिंगला होते. बारा तास उभं राहायचं, दोन वेळा कँटीनची पुरी-भाजी, अधूनमधून गोड चहा. रिपोर्ट माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "तू त्यानंच शिकी राहिनी ना? मंग पाय." म्हणजे तू त्याचंच शिकतेयस ना, मग बघ.

मी बघितलं. दुसऱ्याच दिवशी प्रयोगशाळेतल्या बरणीतून मी थोडी भुकटी छोट्या डबीत भरली आणि घरी नेली. कुणाला विचारलं नाही. उंदराच्या वजनावरून माणसाचा डोस काढायचं गणित मला येत होतं, ते मी केलं, आणि रोज सकाळी अर्धा चमचा कोमट पाण्यातून बाबांना देऊ लागले. डबी संपली की पुन्हा भरून आणायची. मी चोरी करतेय असं मला वाटलं नाही. इतकी वर्षं बाबांनी मला शिकवलं, त्याचा उपयोग पहिल्यांदा त्यांनाच होतोय, असंच वाटत होतं. महिना-दीड महिन्यात बाबांची पँट कमरेला सैल झाली. मी खूश होते. आई म्हणायची, ह्यांचं जेवण कमी झालंय. मी म्हणायची, ते बरंच आहे.

दुसऱ्या फेरीसाठी भुकटीच्या अन्नाचं नवं पोतं आलं. ह्या वेळी सर होते. नेहमीसारखी गोळी पुसली, तोंडात टाकली, आणि लगेच थुंकली. दोन पेले पाणी प्यायले तरी त्यांचा चेहरा सरळ होईना.

"केटलुं कडवुं छे," ते पुटपुटले. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "मी हे खाणार नाही, डिंडोली. मग उंदरानं का खावं?"

"खात होते की, सर."

"किती?"

घातलेलं अन्न मी वजन करून घालत होते. उरलेलं मात्र अंदाजाने लिहिलेलं होतं. पिंजऱ्यात सांडतं, ओलं होतं, रोज कोण मोजत बसणार.

सरांनी रागावण्यात वेळ घालवला नाही. कागद पुढे ओढला आणि तीन गटांच्या शेजारी चौथा काढला. "ह्यांना भुकटी द्यायची नाही. चरबी-साखरेचंच अन्न, पण तिसऱ्या गटानं काल जेवढं खाल्लं तेवढंच आज ह्यांना. एक दाणा जास्त नाही. उरलेलं रोज तोलायचं, पिंजऱ्याच्या तळाचं चाळून." पुढचे तीन महिने मी रोज सकाळी चाळणी घेऊन उंदरांचं उष्टं चाळत बसले. सर येता-जाता शेजारी स्टूल ओढून बसायचे आणि लेंड्या वेगळ्या करायला मदत करायचे, पायाला चिमटा तसाच.

चौथ्या गटाची यकृतं तिसऱ्या गटाइतकीच चांगली निघाली. एन्झाइम्ससुद्धा जवळपास तितकीच वर. म्हणजे भुकटीने फारसं काही केलंच नव्हतं. भुकटी इतकी कडू होती की उंदरांची खाण्यावरची वासनाच गेली, आणि कमी खाल्ल्यामुळे लिव्हर सुधारलं. एवढंच नाही. भुकटी खाणाऱ्या काही उंदरांच्या रक्तात लिव्हरला इजा झाल्याच्या खुणाही दिसत होत्या. पहिल्या फेरीत मी त्या पाहिल्याच नव्हत्या, कारण शोधल्या नव्हत्या.

दुपारी दोन-अडीचची वेळ असेल. सर आकडे समजावून सांगत होते. "भूक मारली हिनं, दुसरं काही नाही," ते म्हणाले, आणि माझ्या डोळ्यांपुढे बाबांची सैल पँट आली. मी स्टूलवर बसले.

मी त्यांना सगळं सांगितलं. डबी, अर्धा चमचा, गणित, सगळं.

त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या. किती? कधीपासून? अजून चालू आहे का? मी म्हटलं, आज सकाळीही दिलंय. त्यांनी टेबलावरचा चष्मा उचलून घातला आणि पहिल्यांदा माझं खरं नाव घेऊन म्हणाले, "चल. आत्ता."

आम्ही रिक्षा पकडली. बाबांची रात्रपाळी होती, आम्ही पोचलो तेव्हा ते पलंगावर आडवे होते. सरांना दारात पाहून धडपडत उठले. आईने डोक्यावर पदर घेतला. "बठा ना सर. चहा करस."

"चहा नंतर, वहिनी," सर म्हणाले आणि बाबांच्या शेजारी पलंगावरच बसले. बाबांची पापणी खाली ओढून डोळे पाहिले, नखं पाहिली. "काय काय होतं?"

"काही नाही सर," बाबा म्हणाले. "बरं आहे. वजन उतरलं."

"खरं सांगा. मी डॉक्टर नाही, पण मला सांगा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली. "मळमळतं. चार महिने झाले. घास खालीच उतरत नाही. परवा मशीनपाशी चक्कर आली, खात्याच्या मास्तरनी घरी पाठवून दिलं."

"मग सांगितलं का नाही? औषध का नाही थांबवलं?"

"पोरीचं औषध आहे सर," बाबा म्हणाले. "मी बंद केलं असतं तर तिची परीक्षा बिघडली असती ना?"

आई चुलीकडे तोंड करून उभी होती. मी उंबऱ्यातच बसले. बाबा उंदीर नव्हते, त्यांच्यावर माझा काही प्रयोग चालला नव्हता, पण त्यांना चार महिने तसंच वाटत होतं. आणि ते माझ्यासाठी गुपचूप गिळत होते.

सरांनी त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला. त्याच दिवशी रक्त दिलं. लिव्हरला सूज होती. भुकटी बंद, आराम, दर आठवड्याला तपासणी, असं ठरलं. उतरेल असं डॉक्टर म्हणाले, पण खात्री दिली नाही. तीन-चार आठवडे मी नीट जेवले नाही. आमच्या घरात कुणीच जेवलं नाही.

त्या काळात सर दर रविवारी विहारातून परस्पर आमच्याकडे यायचे. कधी पपई आणायचे, कधी नुसतेच. बाबांच्या आणि त्यांच्या गप्पा जमल्या. एकदा सर त्यांना आमचा विषय समजावत होते आणि पेरॉक्साइडचं नाव निघताच बाबा ताठ बसले.

"ते तर आमचं रोजचं काम आहे सर. सुती माल पेरॉक्साइडनी पांढरा करतो. मग पाण्यात पेरॉक्साइड उरून चालत नाही, रंग धरत नाही, शेड बिघडते. म्हणून किलर टाकतो."

"किलर म्हणजे?"

"एन्झाइमच असतं. कॅनवर लिहिलेलं असतं. कॅटलेज."

सर खुर्चीवरून उठून पुन्हा पलंगावर जाऊन बसले, बाबांच्या अगदी जवळ. "आणि ऑपरेटरनी चुकून पेरॉक्साइड दुप्पट टाकलं तर? किलर पण दुप्पट टाकायचं?"

"नवीन पोरं तसंच करतात. मास्तर शिव्या देतो. आधी वरचा वॉल्व बंद कर म्हणतो. वरून येत राहिलं तर किलर किती टाकशील?"

"आणि पेरॉक्साइड टाकलंच नाही तर?"

"मग माल पांढरा कसा होणार?" बाबा हसले. "थोडं लागतंच ना सर."

सरांनी खिशातून पेन काढलं आणि कागद न सापडल्याने बाबांच्याच रिपोर्टच्या मागे हे लिहून घेतलं. शरीरालाही थोडं पेरॉक्साइड लागतं, इन्सुलिनचा निरोप पोचवायला त्याची मदत होते, सगळंच निपटून टाकलं तर उलट बिघडू शकतं, हे त्यांना माहीत होतं. पण जाताना जिन्यात ते मला म्हणाले, "तुझ्या बाबांना विचारून मग प्रयोग आखायला हवा होता आपण."

बाबांची सूज पाचव्या आठवड्यात उतरली. पुढे डॉक्टरांनी सांगितलेली औषधं, डब्यातली घरची भाकरी आणि पाळी सुटल्यावर खाडीपर्यंत चालणं, ह्यावर साखरही हळूहळू ताब्यात आली.

सूज उतरल्याचा रिपोर्ट हातात आला त्याच दिवशी सर मला म्हणाले, "आता जे झालं ते लिहून द्यायचं. कॉलेजच्या समितीला. तू तुझं लिही, मी माझं लिहितो." मी माझं लिहिलं. त्यांनी लिहिलं की बरणीच्या कपाटाची किल्ली त्यांच्या ताब्यात असायला हवी होती आणि ती त्यांनी भिंतीवर खिळ्याला लटकवून ठेवली होती, तेव्हा पहिली चूक त्यांची. माझं काम सहा महिने थांबवण्यात आलं. सरांना त्यानंतर नवा विद्यार्थी घेऊ दिला नाही. वराछा, अडाजण, बारडोली आपापलं काम संपवून गेले. मी शेवटची. त्या मोठ्या खोलीत आम्ही दोघंच उरलो. त्याबद्दल ते मला कधी बोलले नाहीत. मी एकदा माफी मागायला लागले तर म्हणाले, "बाबा जेवतायत ना नीट? मग झालं."

प्रबंध लिहायची वेळ आली तेव्हा विभागातल्या एका ज्येष्ठ बाईंनी मला बाजूला घेऊन समजावलं. पहिल्या फेरीचे तीन गट पुरेसे आहेत, निष्कर्ष चांगला आहे, चौथा गट घालायचं बंधन नाही, उगाच पदवी कशाला अडकवतेस? मी सरांना विचारलं, काय करू? ते उंदरांचं पाणी बदलत होते. वळूनही पाहिलं नाही. "प्रबंध तुझा आहे," म्हणाले. मला तेव्हा त्यांचा राग आला. एक शब्द बोलले असते तर काय बिघडलं असतं.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेवटचा तक्ता पाहून विचारलं, "म्हणजे तुमचं औषध काम करत नाही?" मी म्हटलं, "नाही सर. कमी खाणं काम करतं. आणि हे औषध लिव्हरला इजा करतं, तेही मी दाखवलं आहे." सर भिंतीला टेकून मागच्या बाकावर बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा ते खिडकीबाहेर पाहत होते. निकाल सांगितला गेला, टाळ्या वाजल्या, आणि मी वळले तर बाक रिकामा. मला वाईट वाटलं. सगळ्यांची अभिनंदनं आटोपल्यावर मी बाबांना फोन लावला, ते एकदम, "व्हय का?" म्हणाले आणि त्यांनी सगळं पुन्हा सांगायला लावलं.

सरांना जाऊन आता दोन वर्षं झाली. झोपेतच गेले. उधन्याच्या स्मशानात विहारातल्या कितीतरी बाया आल्या होत्या. बाबांनी पाळी सोडून खांदा दिला. परत येताना आम्ही दोघं रिक्षात होतो, आणि बाबा म्हणाले, "तुना पास व्हवाना दिन त्यासना फोन येल व्हता माले."

सर परीक्षेच्या खोलीतून उठून बाहेर गेले होते ते बाबांना फोन करायला. बाबा मशीनवर होते, काही ऐकू येईना म्हणून गेटबाहेर जाऊन उभे राहिले. सर म्हणाले, तुमची मुलगी पास झाली, पण मी त्यासाठी फोन केला नाही. चौथा गट लपवायला तिला सांगितलं गेलं होतं, मी काही सांगितलं नव्हतं. तिनं लपवला नाही. हे तुम्हाला माहीत असायला हवं. तिला मात्र मी बोललो म्हणून सांगू नका.

बाबांनी मला विचारलं, चौथा गट म्हणजे काय. मी त्यांना सांगितलं. ते ऐकत राहिले, मान हलवत राहिले.

मग मी विचारलं, "म्हणजे मी फोन केला त्याच्या आधीच तुम्हाला कळलं होतं? मग पहिल्यांदाच ऐकताय असं का केलंत?"

बाबा बाहेर पाहत होते. पांडेसऱ्याचा पूल आला होता.

"तुना तोंडथून आयकानं व्हतं," ते म्हणाले.